एर्कूपला नावं ठेवण्याआधी

एर्कूप या दोन आसनी अमेरिकन विमानाचं नाव काढलं की पेडलांवर शिकलेल्या वैमानिकांची उत्तरं ठरलेली असतात. 'ते बिनपेडलचं? ते विमान नव्हे, खेळणं.' आणखी विचारलं तर पुढचे आळही तयार असतात: आडव्या वाऱ्यात उतरता येत नाही, इंजिन मंद केलं की दगडासारखं खाली येतं, आणि लोकांना आवडलं नाही म्हणून बंद पडलं. यातले काही आरोप साफ चुकीचे आहेत, काहींत अर्धं तथ्य आहे. या विमानाचे खरे दोष मात्र वेगळेच आहेत आणि त्यांबद्दल टीकाकार अवाक्षर काढत नाहीत.

पेडलांपासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं तिथूनच निघतं.

पेडलं का काढली

साध्या विमानात वैमानिकाकडे तीन नियंत्रणं असतात. योक, म्हणजे हातातलं सुकाणू, मागे-पुढे केला की शेपटीवरचा एलेव्हेटर हलतो आणि नाक वर-खाली होतं. योक फिरवला की पंखांच्या टोकांवरचे एलेरॉन हलतात आणि विमान कुशीवर कलतं. पायांतल्या पेडलांनी उभ्या शेपटीवरचा रडर हलतो आणि नाक डावी-उजवीकडे वळतं. चांगलं वळण घ्यायचं तर एलेरॉन आणि रडर यांचा मेळ जमवावा लागतो. तो जमला नाही तर विमान हवेतून तिरकं घसरत जातं.

हे घसरणं वेग कमी असताना झालं तर जीव जातो. उतरण्यापूर्वीचं शेवटचं वळण डोळ्यांसमोर आणा. उंची ४०० फूट, वेग कमी, आणि धावपट्टीची रेषा ओलांडून पुढे जाणार असं दिसतंय. वैमानिक नाक आत आणायला वळणाच्या बाजूचं पेडल जास्त दाबतो. त्याने विमान जास्त कलायला लागतं, म्हणून तो योक उलट दिशेला धरतो. नाक खाली जातं, म्हणून योक मागेही ओढतो. आता आतल्या पंखाचा एलेरॉन खाली झुकलेला आहे, त्यामुळे त्या पंखाचा हवेशी कोन आधीच जास्त आहे. तो पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल एकदम कोसळते, आणि विमान त्याच बाजूला गरगरत खाली जातं. हाच स्पिन. उंचावर तो मोडता येतो, ४०० फुटांवर त्याला वेळच मिळत नाही.

स्पिनला दोन गोष्टी एकत्र लागतात: स्टॉलच्या कोनात गेलेला पंख आणि त्याच वेळी नाकाचं एका बाजूला फिरणं. यातली एक काढली तरी स्पिन होत नाही. फ्रेड वाइक या अभियंत्याने दोन्हींना आवर घातला. वाइक एनएसीए (NACA) या नासाच्या पूर्वीच्या संस्थेच्या लँगली प्रयोगशाळेतला माणूस. इंजिनावरच्या ज्या आच्छादनासाठी या संस्थेला १९२९ ची कॉलियर ट्रॉफी हा विमानक्षेत्रातला मानाचा पुरस्कार मिळाला, त्या संशोधनाचं नेतृत्व त्याचंच होतं. सोप्या आणि सुरक्षित विमानाचा पहिला नमुना त्याने सहकाऱ्यांबरोबर फावल्या वेळात बांधला. १९३६ मध्ये तो मेरीलँडमधल्या हेन्री बर्लिनरच्या इंजिनिअरिंग अँड रिसर्च कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे एर्कोमध्ये गेला. एर्कूप १९३७ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि १९४० मध्ये त्याला सरकारी प्रमाणपत्र मिळालं. या विमानाची घडणच स्पिनमध्ये न जाणारी आहे, असा शेराही त्याबरोबर मिळाला.

हे साधलं कसं? पहिलं म्हणजे एलेव्हेटरला बांध घातला. ४१५-सी या मुख्य मॉडेलात तो वरच्या बाजूला १३ अंशांपलीकडे जातच नाही. योक पोटाला लागेपर्यंत ओढला तरी पंख पुरता स्टॉल होण्याच्या कोनात नेण्याइतकी ताकद शेपटीत उरत नाही. दुसरं, रडर एलेरॉनला जोडून टाकले. योक उजवीकडे फिरवला की एलेरॉन आणि जुळ्या शेपटीचे दोन्ही रडर मिळून उजवीकडचं मापात वळण देतात. वर सांगितलेली पेडल जास्त आणि योक उलटा ही चूक इथे करताच येत नाही, कारण ती करायला लागणारं पेडलच नाही. जमिनीवर हाच योक पुढचं चाक वळवतो, त्यामुळे टॅक्सी करताना मोटार चालवल्यासारखं वाटतं.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एर्कूपची जुळी शेपटी अनेकांना नुसती नखऱ्याची वाटते. पण नाकावरच्या पंख्याचा (प्रोपेलरचा) झोत पिळासारखा फिरत मागे जातो आणि साध्या विमानाच्या एकुलत्या उभ्या शेपटीवर डाव्या बाजूने आदळतो. म्हणून पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाच्या पूर्ण जोरावर, नाक डावीकडे जातं आणि वैमानिक उजवा पाय दाबून धरतो. इथे पायच नाही, मग दाबणार कोण? वाइकने उभे पंख दोन करून झोताच्या बाहेर, आडव्या शेपटीच्या टोकांवर नेले आणि इंजिन थोडं उजवीकडे व खाली झुकवून बसवलं. टेकऑफला थ्रॉटल पूर्ण उघडा, विमान सरळ धावतं.

ॲक्टिव्हाला क्लच नाही म्हणून तिला कोणी खेळणं म्हणत नाही. एर्कूपचं गणितही तेवढंच सरळ आहे. एक आक्षेप मात्र रास्त आहे: फक्त एर्कूपवर शिकलेल्याला पेडलं येत नाहीत. अमेरिकन सरकारने हे तेव्हाच ओळखलं होतं आणि अशांना बिनपेडलच्या विमानांपुरताच परवाना दिला जाई. हा प्रश्न शिक्षणाचा झाला. त्याचं खापर विमानावर का फोडायचं?

आडवा वारा

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

आडव्या वाऱ्यात उतरण्याच्या दोन रूढ पद्धती. एक, नाक वाऱ्याकडे वळवून तिरकं यायचं आणि टेकण्याच्या क्षणी पेडलाने नाक सरळ करायचं. दुसरी, वाऱ्याकडचा पंख खाली आणि उलटं पेडल दाबून यायचं. दोन्हींना पेडल लागतं. मग टीकाकार निष्कर्ष काढतो की एर्कूप आडव्या वाऱ्यात निरुपयोगी. पण एर्कूप तिरकंच टेकतं, आणि तसं टेकण्यासाठीच त्याची चाकं बनवली आहेत.

मुख्य दोन चाकं विमानाच्या गुरुत्वमध्याच्या मागे आहेत. समजा वारा डावीकडून आहे, नाक डावीकडे वळलेलं आहे आणि विमान धावपट्टीच्या रेषेत सरकतंय. चाकं टेकली की टायरांना आडवं घर्षण होतं आणि ते विमानाचा मागचा भाग डावीकडे ढकलतं. त्याबरोबर नाक उजवीकडे, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत येतं. वैमानिकाने काही करायचं नसतं. शेपटीखाली चाक असलेल्या जुन्या विमानांत मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या पुढे असतात, म्हणून तिथे हेच घर्षण विमान आणखी फिरवतं आणि ते धावपट्टीवर गिरकी घेतं. एर्कूपच्या मुख्य चाकांचे पाय मागे झुकलेल्या बिजागरी दांड्यावर आहेत, त्यामुळे असे धक्के ते निमूट पचवतात.

हातांचं काम असं. अप्रोचवर, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येताना, पंख सपाट ठेवा आणि जमिनीवरची रेषा धरण्यापुरतं नाक वाऱ्याकडे राहू द्या. थ्रॉटल बंद, नाक जरा वर, मुख्य चाकं आधी टेकू द्या. आणि टेकण्याच्या क्षणी योकवरची मूठ सैल करा. पुढचं चाक योकलाच जोडलेलं आहे. मूठ घट्ट असेल तर ते चाक नाकाच्या, म्हणजे तिरक्या दिशेत अडकून राहतं. मूठ सैल असेल तर ते आपोआप धावण्याच्या दिशेला वळतं. विमान सरळ झालं की नाक हळूच खाली येऊ द्या आणि मग सुकाणू हातात घ्या.

पेडलांवर शिकलेला वैमानिक इथे दोन चुका करतो. टेकण्याआधी नाक सरळ करायला तो योक फिरवतो. त्याने विमान वाऱ्याच्या उलट बाजूला कलतं, वाहवत जातं आणि पुढचं चाकही वळलेल्या अवस्थेत टेकतं. किंवा सवयीने वाऱ्याकडचा पंख खाली धरतो. पण इथे रडर एलेरॉनच्या मागे जातो, त्यामुळे विमान पंख खाली धरून न राहता वाऱ्याकडे वळायलाच लागतं. या दोन सवयी मोडेपर्यंत सोबत एर्कूप जाणणारा प्रशिक्षक असावा.

एक मर्यादा खरी आहे. साध्या विमानात टेकल्यावरही एलेरॉन वाऱ्याकडे धरून पंख दाबून ठेवता येतो. एर्कूपमध्ये योक फिरवला की पुढचं चाकही फिरतं, म्हणून ते जमत नाही. मोठा झोत आला तर वाऱ्याकडचा पंख उचलला जाऊ शकतो. मुख्य चाकांच्या पायांतल्या रबरी चकत्या झिजून बसलेल्या असतील तर हा धोका वाढतो. मागचा भाग खाली बसतो, जमिनीवर धावतानाही पंखांना हवेचा कोन मिळत राहतो आणि टेकलेलं विमान हलकंच राहतं. अशा विमानाने धावपट्टी सोडली की लोक मॉडेलला दोष देतात. चकत्या बदलल्या असत्या तर दोष द्यायची वेळ आली नसती.

दगडासारखं खाली येतं?

हो, येतं. पण योक पूर्ण मागे धरून ठेवला तर. पंख पुरता स्टॉल होत नाही, तरी कोन मोठा असल्यामुळे हवेचा अवरोध खूप वाढतो. इंजिन मंद असेल तर विमान नाक किंचित डोलावत, पंख सपाट ठेवून झपाट्याने खाली उतरत राहतं. साधं विमान अशा वेळी कोसळून इशारा तरी देतं. एर्कूप शांतपणे खाली जात राहतं आणि नवशिक्याला आपण ठीक आहोत असं वाटतं. जमिनीजवळ नाक उचलून उतरण्याचा वेग मोडायचा असतो, पण एलेव्हेटरची मर्यादा आधीच संपलेली असते. मग विमान जोरात आपटतं. स्पिनमधून वाचलेली माणसं इथे कंबर मोडून घेऊ शकतात, म्हणून स्पिन होत नाही याचा अर्थ धोका नाही असा कोणी घेऊ नये.

उपाय साधा आहे. अप्रोचवर ताशी ७० ते ७५ मैल ठेवा, वारा झोतांचा असेल तर ८०. वेग पडला असेल तर योक पुढे करा आणि थ्रॉटल द्या. वेग परत मिळवताना काही शे फूट उंची जाते, म्हणून हा प्रकार जमिनीजवळ होऊच द्यायचा नाही. एर्कूपला फ्लॅप, म्हणजे उतरताना खाली झुकवायच्या पंखांमागच्या पट्ट्या, नाहीत, आणि पेडलांशिवाय स्लिप करून, म्हणजे विमान मुद्दाम तिरकं घसरवून, उंची घालवता येत नाही. जाणते वैमानिक उलट याच गुणाचा उपयोग करतात. उंची जास्त राहिली तर वरच वेग कमी करून विमान बुडू देतात आणि जमिनीच्या बऱ्याच वर असतानाच नाक खाली करून ७० चा वेग परत आणतात. नाहीतर नागमोडी वळणं घेतात.

खपलं नाही म्हणून बंद पडलं?

१९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेसीज या बड्या दुकानात एर्कूप विकायला ठेवलं होतं. किंमत सुमारे ३ हजार डॉलर. १९४६ या एका वर्षात एर्कोने ४ हजारांहून जास्त विमानं बांधली. त्या वर्षी अमेरिकेत ३० हजारांहून जास्त हलकी विमानं तयार झाली आणि पुढच्या वर्षी हा आकडा निम्म्यावर आला. युद्धातून परतलेला प्रत्येक सैनिक विमान घेईल हा सगळ्याच कारखानदारांचा अंदाज फसला. पेडलं असलेल्या विमानांचेही कारखाने त्यात बुडाले. एर्कोने १९४७ मध्ये हात काढून घेतला, पण विमान पुढेही बनत राहिलं: फोर्नी कंपनीने बनवलं, मग अलोन कंपनीने पेडलं आणि डोक्यावरचं सरकतं काचेचं छत देऊन बनवलं, शेवटी मूनी कंपनीने १९७० च्या सुमारास एकाच शेपटीचं मॉडेल काढलं. मूनीचं ते रूप जुन्या चाहत्यांनाही रुचलं नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. आजही कोलोरॅडोतली युनिव्हेअर कंपनी एर्कूपचे सुटे भाग पुरवते.

खेळणं म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ऑगस्ट १९४१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मार्च फील्डवर थिओडोर फॉन कार्मान या शास्त्रज्ञाच्या गटाने विमानाला रॉकेट लावण्याचे अमेरिकेतले पहिले प्रयोग केले, ते एर्कूपवरच. होमर बूशी या लष्करी वैमानिकाने ते उडवलं. रॉकेटांच्या मदतीने टेकऑफची धाव जवळजवळ निम्म्यावर आली, आणि नंतर नाकावरचा प्रोपेलरच काढून विमान फक्त रॉकेटवर उचललं. वाइकही इथे थांबला नाही. पायपर कंपनीचं पॉनी हे फवारणीचं विमान त्याचं, आणि तिच्याच चेरोकी या छोट्या विमानाच्या रचनेतही त्याचा हात होता.

आणि २००८ मध्ये जन्मतः हात नसलेल्या जेसिका कॉक्सने वैमानिकाचा परवाना मिळवला तो एर्कूपवरच. एक पाय योकवर, दुसरा थ्रॉटलवर. पेडलं असती तर तिसरा पाय लागला असता.

खरे दोष

वजन हा पहिला. ४१५-सी चं कमाल वजन १,२६० पौंड, म्हणजे ५७२ किलो. रिकामं विमान साधारण ३५० किलोचं भरतं, आणि टाक्या भरल्या की ६५ किलो पेट्रोल. उरले दीडशे किलो. दोन ७५ किलोची माणसं बसली की पिशवीलाही जागा नाही. ६५ किंवा ७५ अश्वशक्तीच्या कॉन्टिनेंटल इंजिनवर उन्हाळ्याच्या दुपारी, उंचावरच्या धावपट्टीवरून पूर्ण भाराने निघालात तर टोकाची झाडं फार जवळ दिसतात. ८५ अश्वशक्तीचं इंजिन बसवल्याने चढाई सुधारते, पण वजनाची मर्यादा तिथेच राहते.

इंधनव्यवस्था हुशार आहे, पण समजून घ्यावी लागते. दोन्ही पंखांत मिळून ६८ लिटर, आणि वैमानिकाच्या पुढ्यात, पॅनेलमागे सुमारे २० लिटरची छोटी टाकी. इंजिनावरचा पंप पंखांतलं पेट्रोल उचलून छोट्या टाकीत टाकतो. तिथून ते आपल्या भाराने कार्ब्युरेटरकडे जातं आणि जास्तीचं परत पंखात. छोट्या टाकीच्या झाकणातून काचेसमोर एक तार वर आलेली असते, ती आतल्या तरंगत्या बुचावर बसलेली. सगळं ठीक असेल तर ही तार पूर्ण वरच राहते. ती खाली यायला लागली तर एकतर पंख रिकामे झालेत किंवा पंप गेलाय. तिथून सुमारे तासाभराचं पेट्रोल असतं. कारण शोधत बसू नका, जवळची धावपट्टी गाठा. मांडीच्या पुढे पेट्रोलची टाकी असणं ही आगीच्या दृष्टीने बरी गोष्ट नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. टाकीचे सांधे आणि नळ्या दर तपासणीत हाताने चाचपून पाहाव्यात.

विमान विकत घ्यायचं असेल तर सगळ्यात आधी पंखांचा मधला भाग पाहा. एर्कोने बांधलेली विमानं ७५ वर्षांहून जुनी आहेत. मधल्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत पाणी साचतं, उंदीर घरटी करतात, आणि त्यांच्या मुताने स्पारचे, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या मुख्य तुळईचे, पट्टे आतून सडतात. वरून रंग चकचकीत दिसतो. तपासणीची झाकणं उघडून आरसा किंवा लवचीक कॅमेरा आत घालून पांढरी भुकटी, फुगलेले रिव्हेट, सोललेली पत्र्याची पापुद्री शोधा. स्पार सडलेला निघाला तर दुरुस्तीचा खर्च विमानाच्या किमतीला गाठू शकतो.

दुसरं, पुढच्या चाकाचा सांधा आणि योकपासून चाकापर्यंतचे दुवे. त्यांत खेळ आला की धावताना चाक थरथरतं, आणि ती थरथर थेट हातात येते. चाकाचा तोल करून भागत नाही, झिजलेले बुश आणि बोल्ट बदलावे लागतात.

तिसरं, कोनमापक घेऊन एलेव्हेटरचा वरचा कोन मोजा. स्पिन न होण्याची हमी त्या एका अडकणीवर उभी आहे. कोणी ती घासून कोन वाढवला असेल, किंवा सामान मागे लादून गुरुत्वमध्य मर्यादेबाहेर नेला असेल, तर तो शेरा त्या विमानाला लागू राहत नाही.

कोन मोजताना मॉडेल कोणतं तेही पाहा. ४१५-डी चं कमाल वजन १,४०० पौंड केलं, आणि त्या बदल्यात एलेव्हेटर ९ अंशांवर आणला. वजन वाढलं, नाक उचलण्याची ताकद घटली. पुढे दोन दणकट माणसं बसवून इंजिन मंद केलं तर डी चं नाक टेकण्यापूर्वी पुरेसं वर येत नाही. अशा विमानात वेग जरा जास्त ठेवावा आणि टेकेपर्यंत थोडा थ्रॉटल राखावा. अमेरिकेच्या २००४ च्या हलक्या क्रीडाविमानांच्या नियमात वजनाची सीमा १,३२० पौंड होती. सी त्यात बसे आणि डी बाहेर राही, त्यामुळे सी ला भाव होता. २०२५ मध्ये तिथे स्पोर्ट परवान्यावरच्या वैमानिकांसाठी ही वजनाची अट गेली. तरी दोन्ही सारख्या स्थितीत असतील तर सी च घ्यावं: माणूस एखादा कमी बसवता येतो, एलेव्हेटरचे ४ अंश उसने मिळत नाहीत.